बक्षिसांचा रकाना

काल शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा पडल्या. मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. शिपाई वाकून डब्यातून फक्की सोडत होता आणि त्याची रेघ वाकडी जात होती. आधी दोन खुंट्या ठोका, सुतळी ताणा, मग रेघ मारा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, मिटून घेतलं. नऊ वर्षांपूर्वी पिठाचा डबा खाली ठेवून सांगितलं असतं.

दिवाळी आवरली, पहाटे दुसरं पांघरूण लागू लागलं, की आमच्या डोंबिवलीत हा हंगाम येतो. भात कापून, झोडून होतं. खाचरं मोकळी पडतात. मोकळी जमीन दिसली की कुठे हुतूतूसाठी माती भुसभुशीत करतात, कुठे खो-खोचे खांब रोवतात. संध्याकाळी गावावर धुळीचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या आतून शिट्ट्या ऐकू येतात. लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. आता फक्की दिसली की माझं डोकं फिरतं, आणि राग नेमका कुणावर काढायचा हे नऊ वर्षांत ठरलेलं नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. वाण्याची यादी, धोब्याची यादी, रेशनच्या साखरेची यादी, दिवाळीत कुणाकडे काय फराळ पाठवला आणि कुणाकडून काय आला त्याची यादी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि घरात कुलूप एका खोलीत, किल्ली दुसऱ्या खोलीत, असा कारभार होता. मी पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले आणि घर चालू लागलं. कुसुम, माझी नणंद, तेव्हा नऊ वर्षांची होती. केसांत उवा आणि पायाला भिंगरी. उवा मी महिन्याभरात संपवल्या. भिंगरीला हात लावला नाही, कारण तिला निरोप सांगितला की उत्तर घेऊन ती मी वळून बघायच्या आत परत आलेली असायची. घरात असं एक माणूस असणं फार सोयीचं असतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-अडीच वर्षं झाली होती, त्या थंडीबद्दल मी बोलते आहे. कुसुम मॅट्रिक होऊन घरी बसली होती. तिला शाळेत खेळ शिकवणारी बाई व्हायचं होतं. त्यासाठी वर्षाचा एक शिक्षणक्रम होता. मुलींसाठी जागा थोड्या. पण जिल्ह्यातर्फे खेळल्याचा दाखला असेल तर प्रवेश मिळे, आणि पुढे नोकरी. त्याच सुमाराला मोहन्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता. हीच अडचण होती, नाही म्हणायला कारण सापडेना. मामंजी म्हणजे माझे सासरे, निवृत्त शिक्षक, दोन्ही बाजू ऐकून घेणारे. एका रात्री जेवण झाल्यावर हात पुसता पुसता ते म्हणाले, "फाल्गुनापर्यंत मी त्यांना थांबवतो. तोवर दाखला आला तर शिकू दे हिला. पण खेळायचं ते एकच. चार खेळांचा खर्च या घराला झेपायचा नाही. कोणता खेळ, ते सूनबाई ठरवतील. वही त्यांच्याकडे आहे."

कुसुमनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी न्यायाधीश आहे. मला खोटं बोलायचं नाही, मला ते आवडलं.

ते पान अजून वहीत आहे. आण्यांत लिहिलेलं. आता नवे पैसे आले. परवा माझ्या धाकट्यानं ते पान पाहून विचारलं, हे दांडे नि आडव्या रेघा कसल्या. मी त्याला चार आण्यांचा दांडा समजावून सांगायला बसले आणि मधेच कंटाळून वही मिटली.

बॅडमिंटन मी पहिल्यांदा खोडलं. रॅकेट, तिची तात, आणि फुलं. एक फूल दोन दिवसांत पिसं गाळतं. शिवाय खेळायला ठाण्याला जायचं, तिथल्या क्लबाची वर्गणी भरायची. मिळकत म्हणजे चहा, बिस्किटं आणि मोठ्या घरच्या ओळखी. टेबल टेनिसला मुळात टेबल हवं, आणि आमच्या अख्ख्या आळीत जेवायचंसुद्धा टेबल नव्हतं. पोहायला खर्च शून्य, खाडी फुकट. पण मुलीनं खाडीत पोहायचं तर आधी काठावरची माणसं उठवायला हवीत. खो-खो स्वस्त. चड्डी वारंवार फाटते, गुडघे सोलवटतात, टिंक्चर आयोडीनची बाटली महिनाभर पुरत नाही, तरी स्वस्त. सामना संपल्यावर केळं नि अर्धा पेला दूध मिळतं, उघड्या ट्रकमधून गाणी म्हणत परत येता येतं. कुसुमचा जीव खो-खोवर होता. पण त्याला नऊ मुली लागतात. मार्गशीर्षात लग्नं निघाली की नवाच्या सात होतात, आणि सात मुलींच्या संघाला कोण दाखला देतो?

उरलं धावणं. अनवाणी धावायचं. एक चड्डी, एक झंपर, प्रवेशाचे आठ आणे. जोडीला कुणी नको, कुणाच्या लग्नानं अडायचं नाही. आणि दाखला आपल्या एकटीच्या नावावर. मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

त्या पानावर आणखी एक रकाना होता. त्याचं नाव मी 'बोलणी' ठेवलं होतं. कुठल्या खेळापायी घराला किती ऐकून घ्यावं लागेल, त्याचा अंदाज. तो भरताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती आजवर खोटी ठरलेली नाही. खेळ जेवढा महाग, तेवढी बोलणी कमी. रॅकेट घेऊन निघालेल्या मुलीला आळीतल्या बायका 'शिकलेली आहे' म्हणतात. तीच मुलगी अनवाणी धावली तर 'हिला कुणी आवरणारं नाही का' म्हणतात. गरिबाघरच्या खेळाला खर्चही असा वेगळाच लागतो, तो दुकानात भरावा लागत नाही एवढंच.

मी हे लिहीत असताना शेजारचा दत्तू कट्ट्यावर येऊन बसला होता. दत्तू हुतूतूचा नावाजलेला गडी, अंगानं मुदगलासारखा.

"वहिनी, मला पण घाला की यादीत," तो म्हणाला. "खर्च, एक बनियन. मिळकत, मिलमध्ये कारकुनाची जागा."

"काम करतोस का रे तिथे?"

"सही करतो. मग मिलच्या संघाबरोबर सरावाला जातो. पगार महिन्याच्या महिन्याला, दूध रोजच्या रोज."

मी हसले, आणि तेही लिहून ठेवलं. अशा नोंदी पुढे उपयोगी पडतात असा माझा समज होता.

पहाटेच्या त्या सरावाचं मला सगळं आठवतं. ठाकुर्लीच्या बाजूला एक लांब खाचर होतं. कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी सोडून मी तिला शिंप्याच्या टेपानं मोजून गाठी मारल्या होत्या. दोरी टाकत टाकत शंभर यार्ड भरायचे. भाताचे खुंट रात्रीच्या दवानं मऊ झालेले, तरी पायाला टोचायचे. धुकं कमरेएवढं. कुसुम पलीकडच्या टोकाला गेली की दिसेनाशी व्हायची. मी मामंजींचं खिशातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरून ओरडायची, आणि मग आधी पावलांचा आवाज यायचा, धप धप नाही, पटपट, पाटावर कुणी लाट्या टाकाव्यात तसा. मग धुक्यातून तोंड यायचं. तोंड हसरं असायचं. धावताना माणूस हसतो, हे मी तिच्याआधी पाहिलं नव्हतं. घड्याळाचा सेकंदकाटा मधेच अडकायचा, त्यामुळे माझ्या नोंदींत एके दिवशी ती जगातल्या सर्वांपेक्षा वेगानं धावली आहे. मी तिथे शंकेची खूण करून ठेवली आहे.

पौषात शेतकऱ्यानं त्या खाचरात वाल पेरला. तो नुसता येऊन उभा राहिला आणि उगवलेल्या वालाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोरी, आता बांधावरनं धाव." बांध दीड हात रुंद. ती त्यावरूनही धावली, आणि त्यामुळे तिचं पाऊल सरळ पडू लागलं. हे मी मिळकतीत लिहिलं.

संक्रांतीला कल्याणच्या एका महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, आणि यंदा उखाण्यांबरोबर बायकामुलींच्या शर्यती ठेवल्या होत्या. सराव होईल म्हणून मी कुसुमला घेऊन गेले. मंडळाच्या वाडीतली जागा ती किती. पण ती पहिली आली. अध्यक्षबाईंनी तिळगुळाच्या पुडीबरोबर एक पाकीट दिलं. पाकिटावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. कुसुमनं पुडी फोडून तिळगूळ तोंडात टाकला आणि पाकीट तसंच माझ्या हातात दिलं. "घे, तुझ्या वहीत जमा कर."

घरी येऊन मी उघडलं. पाच रुपये. त्यातून महिन्याचं रॉकेल आलं आणि माझ्या धाकट्याचं खोकल्याचं औषध आलं. वहीत मी लिहिलं, 'रोख रुपये पाच'.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ठाण्याहून जिल्ह्याच्या निवडीचा छापील अर्ज आला. नाव, वय, पत्ता, खेळ. आणि खाली आखलेला एक मोठा रकाना, 'यापूर्वी मिळालेली बक्षिसे'. आखलेला रकाना दिसला की माझा हात थांबत नाही. मी वही शेजारी उघडून बसले. इयत्ता तिसरीत चमचा-लिंबू, दुसरा क्रमांक, साबणाची पेटी. पाचवीत लंगडी, पेन्सिल. खो-खोचा पेला. रकाना भरला, तेव्हा आणखी एक कागद आखून टाचणीनं जोडला. कुसुम केस विंचरत होती. माझ्या खांद्यावरून वाचून ती म्हणाली, "वहिनी, एवढं सगळं लिहायचं असतं का?"

"जागा सोडली आहे म्हणजे लिहायचं असतं," मी म्हटलं. आणि शेवटची ओळ लिहिली.

ठाण्याच्या त्या मैदानावर मुली फार नव्हत्या. कॅनव्हासचे बूट घातलेल्या दोघी होत्या, त्यांच्याबरोबर त्यांचे वडील आणि थर्मास होता. कुसुमनं परकर माझ्या हातात दिला आणि चड्डीवर उभी राहिली तेव्हा कडेच्या पोरांनी शिट्टी मारली. बोलण्यांच्या रकान्यात एक वाढली, एवढंच मी मनात म्हटलं. मग बार झाला. बुटांचा आवाज मागे राहिला आणि पटपट पडणारी ती पावलं पुढे आली. सुतळी तिच्या छातीला लागली तेव्हा दुसरी मुलगी दोन हात मागे होती. दोन हात म्हणजे दोन हात. मी मोजणारी बाई आहे.

दुपारी निवडलेल्यांची नावं वाचली. कुसुमचं नाव नव्हतं. दुसऱ्या आलेल्या मुलीचं होतं. मला वाटलं, कागद वाचताना ओळ सुटली. ओळी सुटतात. मी कुसुमला बाहेर बदामाच्या झाडाखाली उभं केलं आणि चिटणीसांच्या खोलीत गेले.

गृहस्थ सभ्य होते. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. टेबलावर माझाच अर्ज होता, टाचणीसकट, आणि शेवटच्या ओळीभोवती तांबड्या पेन्सिलीचं वर्तुळ.

"बाई, ही स्पर्धा हौशी खेळाडूंची आहे," ते म्हणाले. "रोख बक्षीस घेतलं की खेळाडू हौशी राहत नाही, धंदेवाईक होतो. नियम आहे. अर्ज आज शर्यती झाल्यावर बघून झाले, नाहीतर धावूच दिलं नसतं."

मी म्हटलं, हळदीकुंकवाचे पाच रुपये आहेत हो ते. ते म्हणाले, पाच असोत की पाचशे. मी म्हटलं, उद्या नेऊन परत करते, पावती आणून देते. ते म्हणाले, घेतले ते घेतले. मग मी तावातावानं त्यांना विचारलं की हुतूतूच्या संघांत अर्धे गडी मिलचा पगार घेतात, सही करून सरावाला जातात, ते कसे हौशी. त्यांच्याकडे त्याचंही उत्तर होतं. ती नोकरी आहे आणि नोकरी म्हणजे बक्षीस नव्हे. मी म्हटलं, बुटांचे पैसे ज्यांच्या वडिलांना जड नाहीत त्यांनाच हौस परवडते, असा नियम करा सरळ. ते चष्मा काढून पुसत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? इथे एवढं कुणीच लिहीत नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

मी उठले. दारापर्यंत येऊन ते म्हणाले, "अक्षर मात्र सुरेख आहे तुमचं."

स्टेशनच्या बाकावर आम्ही बसलो. कुसुमनं पायांची धूळ रुमालानं झटकली, चपला घातल्या. मी तिला सगळं सांगितलं, नियम, माझे मुद्दे, त्यांची उत्तरं, क्रमानं. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"ते पाकीट मी उघडलंसुद्धा नव्हतं, हे सांगितलंस का त्यांना?"

मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. पाकीट मी घेतलं, मी उघडलं, रॉकेल मी आणलं, आणि धंदेवाईक ठरली ती. मी मिलबद्दल बोलले, बुटांबद्दल बोलले, सगळ्या खेळांचा हिशेब मांडला. त्या खोलीबाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या मुलीबद्दल एक वाक्य बोलले नाही. "नाही," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली. गाडी यायला बराच वेळ होता. तो सगळा वेळ ती रुळांपलीकडच्या मिठागरांकडे बघत होती.

सांगून काही उपयोग झाला असता का? बहुधा नाही. चिटणीसांनी 'घरच्यांनी घेतले म्हणजे तिनंच घेतले' असं म्हटलं असतं. हे उत्तर मला स्वयंपाक करताना, निवडटिपण करताना, कितीदा तरी सुचलं आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना त्यावर पुढचं उत्तरही दिलं आहे. रिकाम्या स्वयंपाकघरात मी फार चांगली बोलते.

वैशाखात कुसुमचं लग्न झालं. जावई खरोखरच भला माणूस आहे, त्याच्याविरुद्ध माझ्या वहीत एक ओळ नाही. ती मोहन्याला राहते, तिला शुभा नावाची मुलगी आहे, घर नीटनेटकं ठेवते. सणावारी येते तेव्हा मला म्हणते, "वहिनी, तुझ्यासारखी यादी करते मी आता." ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ऐकून घेतलेलं निदान कुठेतरी लिहिता येतं. न बोललेलं कुठल्या रकान्यात घालायचं?

दत्तूचा गुडघा तीन वर्षांपूर्वी गेला. मिलची नोकरी चालू आहे. हंगामात तो पंच म्हणून जातो आणि हार घालून घेऊन येतो. परवा कट्ट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, हौस म्हणून केलं सगळं, दुसरं काय." मी आत निघून गेले. त्याचा काही दोष नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते.

या सगळ्याला आज निमित्त झालं ते कुसुमच्या येण्याचं. दुपारी ती शुभाला घेऊन आली. तालुक्याच्या बालगटाच्या शर्यती आहेत. पिशवीतून तिनं छापील अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू भर. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी दौत घेतली. नाव लिहिलं, वय लिहिलं, सात पूर्ण. पत्ता. खेळ, धावणे. मग खाली तोच रकाना आला. छपाई बदलली आहे, कागद पातळ झाला आहे, शब्द तेच. शुभाला गणपतीत पोत्यांच्या शर्यतीत दोन रुपये मिळाले होते, पाकिटातून. मला माहीत होतं, कारण त्या वेळी मी तिथे होते. माझा हात थांबला. शुभा ओट्यावरून खाली उड्या मारत होती, वर चढत होती, पुन्हा उडी मारत होती.

"रिकामा ठेवते," मी म्हटलं.

"का?"

कुसुमनं टाक माझ्या हातातून घेतला, अर्ज स्वतःकडे वळवला आणि मान तिरकी करून लिहू लागली. तिचं अक्षर लहानपणापासून उतरतं जातं. लिहून झाल्यावर तिनं अर्ज पुन्हा माझ्याकडे वळवला. "वाच. बरोबर आहे का सांग."

मी वाचलं. 'पोत्यांची शर्यत. पहिला क्रमांक. रोख रुपये दोन. पाकीट आईने घेतले व आईनेच खर्च केले. मुलीने उघडलेले नाही.'

"बरोबर आहे," मी म्हटलं. वाक्य रकान्यात मावलं नव्हतं. शेवटचे दोन शब्द रेघ ओलांडून समासात गेले होते. एरवी मी नवा कागद आखून टाचणी लावली असती. मी शाई वाळू दिली आणि घडी घातली.